१५ लाखांत गावाच्या आरोग्यासाठी काय करावं: शिबिर, गाडी की माणूस?

नमस्कार. प्रश्न मनापासून विचारलाय, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

तुमचं म्हणणं मला असं समजलं. मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळ, वडील त्याच भागात शिक्षक होते. त्यांच्या माघारी तुम्ही तिघा भावंडांनी त्यांच्या नावाने प्रतिष्ठान काढलं आणि दरवर्षी साधारण १५ लाख रुपये घालायची तयारी आहे. दोन वर्षं सर्वरोगनिदान शिबिर घेतलं, गर्दीही झाली, पण त्या माणसांचं पुढे काय झालं याचा पत्ता नाही, आणि तेच तुम्हाला खुपतंय. गावातली मंडळी रुग्णवाहिका मागतात, नागपूरचे मित्र फिरता दवाखाना सुचवतात. यातलं काय निवडावं, खर्चाचे आकडे कसे असतील, लोकांकडून काही घ्यावं का आणि परदेशातल्या भावाचे पैसे घेता येतील का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी शिक्षणाने परिचारिका. झरी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यात संस्थांच्या आरोग्य प्रकल्पांत माझी बरीच वर्षं गेली. तुमच्या प्रश्नात जे जाता जाता आलंय, 'पुढे काय झालं ते कळत नाही', खरा प्रश्न तिथेच आहे. आजार सापडल्यापासून माणूस बरा होईपर्यंतच्या वाटेवर आपल्याकडचे रुग्ण गळतात. तुमचा पैसा त्या वाटेवर लावा, असं मी सांगेन.

कारण सरकारी सोयी आपल्याकडे अगदीच नाहीत असं नाही. आशा आहे, उपकेंद्र आहे, आदिवासी भागात साधारण २० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, पांढरकवड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ ला फोन केला तर गाडी येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. बाळंतपण आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे उपचार सरकारी दवाखान्यात पूर्ण मोफत असावेत, असा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. एवढं असूनही पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, बाई आजार अंगावर काढते. दोन दिवसांची मजुरी बुडते. सोबत जाणाऱ्याच्या जेवणाची सोय नसते. रेशनकार्डावर नाव एक आणि आधारवर दुसरं. आणि मोठ्या दवाखान्यात कोणत्या खिडकीपाशी उभं राहायचं हे सांगणारं कोणी नसतं. यातल्या बहुतेक गोष्टींसाठी सरकारी लेखाशीर्षात सहसा पैसा नसतो. तुमच्या प्रतिष्ठानाचा पैसा मोकळा आहे, तो नेमका तिथे जाऊ शकतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या इथे बसून मला ठरवता येणार नाहीत. तुमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर मुक्कामी राहतात का, आशाची जागा भरलेली आहे का, पावसाळ्यात पोडापर्यंत गाडी जाते का, दिवाळीनंतर किती कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, गावात दोन गट आहेत का आणि तुमचं घराणं त्यांतल्या एका गटाचं समजलं जातं का. शेवटचा प्रश्न अवघड वाटला तरी स्वतःला विचाराच. घराण्याच्या वाड्यात दवाखाना भरवला आणि अर्धं गाव आलंच नाही, असं मी पाहिलंय. जागा निवडताना शाळा किंवा अंगणवाडी निवडा.

शिबिराबद्दल आधी बोलते, कारण त्यावर तुमचा पैसा गेलाय आणि तो सगळा वाया गेला असं मी म्हणणार नाही. मोतीबिंदूचं शिबिर चांगलं काम करू शकतं. फक्त तपासणीच्याच दिवशी शस्त्रक्रियेची तारीख ठरायला हवी, नेण्या-आणण्याची गाडी हवी आणि नंतरची डोळ्याची तपासणी गावातच व्हायला हवी. डोळ्याचं काम एकदा झालं की झालं. रक्तदाबाचं तसं नसतं. शिबिरात पन्नाशीच्या बाईचा रक्तदाब वाढलेला निघतो, तिला महिन्याच्या गोळ्या मिळतात, त्या संपतात आणि डोकं दुखायचं थांबलंय म्हणून ती गोळी विसरते. काही वर्षांनी अर्धांगवायूचा झटका येतो. तीच गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. तिला महिन्याला एकदा आठवण करायला आणि गोळी हातात ठेवायला माणूस हवा होता, एवढंच. साखरेच्या आजाराचंही तेच, क्षयाचंही तेच. आपल्याकडच्या गरीब घरांना आज जे आजार पोखरतायत त्यातले बहुतेक सहा महिने, वर्ष, जन्मभर चालणारे आहेत, आणि शिबिर एका दिवसाचं असतं.

सिकलसेलचं, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचं, उदाहरण जरा सविस्तर देते. तुमच्या भागात हा आजार भेटणारच आणि त्यात सगळी गुंतागुंत एकत्र दिसते. एका कोलाम पोडावर आठेक वर्षांची मुलगी होती. थंडी पडली की तिचे गुडघे आणि कोपरं ठणकायची, रात्रभर रडायची. डोळे पिवळट दिसायचे म्हणून घरच्यांनी दोनदा कावीळ उतरवून आणली होती. तिच्या आईने आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी खाली काढली. त्यात लसीकरणाचं कार्ड, दोन एक्स-रे आणि एका जुन्या शिबिराची घडी पडून फाटत आलेली चिठ्ठी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह, पुढील तपासणीसाठी पाठवावे'. कोणी पाठवलं नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं आणि चिठ्ठी देणाऱ्याने काही समजावून सांगितलं नव्हतं. म्हणजे आजार सापडून काही वर्षं झाली होती, आणि मुलगी त्याच दुखण्यात वाढत होती.

सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी. रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच ती सांगते. मूल नुसतं वाहक आहे, म्हणजे 'एएस', की खरं रुग्ण आहे, म्हणजे 'एसएस', हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पुढची तपासणी केल्यावरच कळतं. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. 'एसएस' मुलाला मात्र फॉलिक ॲसिड, लहानपणी पेनिसिलिन, अनेकांना हायड्रॉक्सियुरिया आणि त्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते. भरपूर पाणी प्यायला लागतं, थंडीपासून आणि अतिश्रमापासून जपावं लागतं, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. त्यामुळे तपासणीवर तुम्ही पैसा घालायची गरज फारशी उरलेली नाही. तपासणीनंतर काय होतं ते बघा.

त्या मुलीच्या बापाला मी यवतमाळला चला म्हटलं तर तो म्हणाला, "तिकिटाचं नाही बाई, पण दोघायचा रोज बुडते. संध्याकाळची गाडी हुकली का मुक्काम पडते. आन् घरी कापूस उभा हाय." त्याचं काही चुकत नव्हतं. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, वर्षातली मोठी कमाई त्याच दिवसांत होते. थंडीही त्याच दिवसांत पडते आणि मुलीचं दुखणंही तेव्हाच उसळतं. दवाखान्यात जायची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तिथे जाणं सर्वांत महाग पडतं. तिथे दोघांची बुडालेली मजुरी, दोन वेळचं जेवण आणि सोबत एक माहीतगार बाई एवढं दिलं की काम झालं. खर्च म्हणाल तर तुमच्या शिबिराच्या मंडपाच्या भाड्याहून कमी.

पुढचं काम असतं ते मात्र जाहिरातीत दाखवता येत नाही. मुलीची फाइल करायची आणि पुढच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवायच्या. शाळेत जाऊन गुरुजींना सांगायचं की हिला पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, लघवीला जाऊ द्या, खेळाच्या तासाला पळायला लावू नका. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणाहून तिचं प्रमाणपत्र काढायचं, एसटीची सवलत बघायची. घरातल्या इतरांची तपासणी करायची. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात 'एसएस' मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते, हे त्यांना घाबरवून न सोडता सांगायचं. आणि मोठ्या बहिणीचं लग्न ठरत असेल तर ते बोलणं आणखी जपून करायचं. पोरीत खोट आहे असा बोभाटा झाला तर पुढच्या वेळी तुम्हाला त्या पोडावर कोणी रक्त तपासू देणार नाही.

हे काम पगारावरची, त्याच गावातली बाई करू शकते. मला हे निव्वळ अनुभवाने वाटतं असं नाही, याला विदर्भातलाच भक्कम पुरावा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास पाहणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि त्यावर औषध-इंजेक्शन देणं हे त्या करत. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून हीच घरभेटींची पद्धत आशांमार्फत देशभर लागू झाली. मला त्यात सर्वांत महत्त्वाचं हे वाटतं की त्या बायकांना एकदा शिकवून सोडून दिलं नव्हतं. त्यांच्यामागे नियमित देखरेख होती, अडलं तर विचारायला डॉक्टर होते, औषध वेळेवर पोचत होतं. बाकीच्यांनी नक्कल केली ती प्रशिक्षणाची. देखरेखीला पैसा लागतो आणि तिथे देणगीदाराचं नाव कुठे लागत नाही, म्हणून ती मागे पडते.

इथे एक सावधगिरी बाळगा. आशाच्या समोर दुसरी आशा उभी करू नका. आशाला कामाच्या हिशेबाने मोबदला मिळतो, तो वेळेवर मिळेलच असं नाही. अशा वेळी तुमची बाई महिन्याच्या पगारावर तेच काम करू लागली की दोघींत बिनसतं आणि गावाचं नुकसान होतं. तुमच्या बाईचं काम वेगळं ठेवा. रुग्णासोबत जाणं, कागद जमवणं, जुनाट आजारांच्या गोळ्यांचा पाठपुरावा, हे तिचं. नवजात बाळाच्या भेटी आशाच्याच, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा. त्यात आशाला काय कमी पडतं ते विचारा. अनेकदा वजनकाटा बिघडलेला असतो, थर्मामीटरचा सेल संपलेला असतो, आणि नवा कधी येणार हे कोणालाच माहीत नसतं. सेल विकत घ्यायला प्रतिष्ठानाला कुठल्या ठरावाची गरज आहे? सुरुवात करण्याआधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा, काय करणार ते एका पानावर लिहून द्या, महिन्याच्या आशा बैठकीत बसायची परवानगी मागा.

आकडे विचारलेत म्हणून माझा अंदाज सांगते. एकच आरोग्य केंद्र घ्या आणि त्याच्या हद्दीतली दूरची आठ गावं किंवा पोडं. नर्सिंग झालेली एक पूर्णवेळ समन्वयक, महिना २० हजार. प्रत्येक गावात एक बाई, अर्ध्या दिवसाचं काम, महिना ६ हजार. हे दोन्ही मिळून वर्षाला ८ लाखांच्या थोडं वर जातं. प्रवास, बुडालेली मजुरी आणि दवाखान्यातलं जेवण यासाठी ३ लाख वेगळे ठेवा. प्रशिक्षणाला एक, पेट्रोल-फोन-साधनांना एक, हिशेब तपासणी आणि किरकोळ कामाला पन्नासेक हजार. उरतात सव्वा-दीड लाख, ते अडल्यानडल्यासाठी हात न लावता ठेवा. पगारावर अर्ध्याहून जास्त पैसा जातो म्हणून तुमच्या विश्वस्तांपैकी कोणी नाक मुरडेल. त्यांना सांगा की या कामात उपचार म्हणजेच माणूस आहे. मजुरी भरून देण्याबद्दलही वाद होईल, लोकांना सवय लागेल म्हणतील. माझा नेम असा आहे की किरकोळ खोकल्या-तापाला द्यायची नाही. पण महिन्याच्या महिन्याला जावं लागणारं मूल, क्षयरुग्ण, जोखमीची गरोदर बाई, कर्करोगाचा संशय असलेला माणूस, यांना गावात चालू असलेल्या दराने द्यायची, आणि कोणाला देणार हे ग्रामसभेत आधी सांगून ठेवायचं.

गरोदर बाईचं नाव निघालं म्हणून थोडं तिच्याबद्दल. काही आदिवासी तालुक्यांत आरोग्य केंद्राला जोडून 'माहेरघर' असतं. बाळंतपणाच्या तारखेआधी काही दिवस येऊन राहायची ती सोय आहे. तरी बायका येत नाहीत, कारण घरी दोन लहान लेकरं आणि बकऱ्या असतात. तुमच्या बाईने त्या पोडावरच्या एखाद्या म्हातारीला लेकरं सांभाळायला तयार केलं आणि तिला चार दिवसांचे पैसे दिले, तर ती गरोदर बाई निघते. जावेला, नणंदेला विचारूनच हे ठरतं. बाहेरून नेमलेल्या माणसाला हे सुचणारही नाही.

आता रुग्णवाहिका. गाव मागतंय, तर त्यामागे काहीतरी घडलेलं असणार, ते आधी ऐकून घ्या. बहुधा कोणीतरी वेळेवर पोचलं नाही म्हणून गेलं असेल. पण गाडी घेणं सोपं आणि चालवणं अवघड. दोन चालक लागतात, डिझेल, विमा, टायर, आणि तिसऱ्या वर्षी मोठी दुरुस्ती. १०८ डांबरी रस्त्यापर्यंत येते. खरी अडचण पोडापासून डांबरी रस्त्यापर्यंतची आहे, रात्रीची आणि पावसातली. त्यासाठी गावातल्याच दोन-तीन ऑटो किंवा जीपवाल्यांशी ठरवा. रात्री कधीही फोन आला तर निघायचं, दर आधी ठरलेला, पैसे प्रतिष्ठान दुसऱ्या दिवशी देणार. त्यांचे नंबर प्रत्येक घराच्या दारावर रंगवा. साप चावल्यावर हेच कामी येतं. मण्यार रात्री झोपेत चावते, चावल्याचं अनेकदा कळतही नाही. सकाळी पोट दुखतंय म्हणत माणूस उठतो, पापण्या जड होतात. तेव्हा मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही. दारावरचा नंबर आणि उशाशी नीट खोचलेली मच्छरदाणी यावर खर्च करा.

फिरता दवाखाना मी सरसकट नाकारणार नाही. जिथे आरोग्य केंद्राची जागा वर्षानुवर्षं रिकामी आहे तिथे तो लागतो. पण आठवड्यातून एकदा गावात गाडी उभी राहते ती सकाळी अकराला, आणि त्या वेळी बाया निंदणाला गेलेल्या असतात. गाडीजवळ म्हातारे आणि शाळा बुडवलेली पोरं. त्यापेक्षा आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या गावात, ठरलेल्या जागी एक डॉक्टर बसवा. लोक मिरची-तेल घ्यायला तसेही येतातच, आणि त्या दिवशी हातात चार पैसे आणि मोकळा वेळ असतो. पांढरकवड्याच्या एखाद्या खासगी डॉक्टरांना आठवड्यातून तीन तास मागितले तर देतील असे लोक आहेत.

इमारत, सोनोग्राफी मशीन, मोठी गाडी असल्या गोष्टींसाठी घरचा पैसा घालू नका, कारण त्याचा पैसा जिल्ह्यात दुसरीकडे आहे. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत. खाणींच्या स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) ठरावीक हिस्सा जमा होतो तो जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने ही प्रतिष्ठानं झाली आणि त्यांच्या अग्रक्रमाच्या खर्चात आरोग्य आहे. ग्रामपंचायतीचा ठराव, आरोग्य विभागाचं पत्र आणि नीट केलेला प्रस्ताव घेऊन मागणी करता येते, अर्थात गाव खाणीच्या बाधित क्षेत्रात किती येतं यावर बरंच अवलंबून. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, हा दुसरा मार्ग. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. पण तो घ्यायला संस्थेचं तीन वर्षांचं काम दिसावं लागतं, शिवाय आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी, आणि सीएसआरचा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ ही नोंदणी लागते. म्हणजे तुमच्यासाठी तो चौथ्या वर्षाचा विषय आहे. तोवर आठ गावांची नीट ठेवलेली वही तुमच्याकडे असेल तर कंपनीसमोर बसताना तिचा उपयोग होईल.

एक मार्ग मात्र आजपासून वापरता येतो आणि फार कमी लोक वापरतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याची योजना घालून दिली, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत ठेवावी लागते. नागपुरात अशी रुग्णालयं आहेत. पण पोडावरून गेलेल्या माणसाला काउंटरवर कोणी आपणहून हे सांगत नाही. एका रुग्णालयात आमच्या रुग्णाला 'खाट नाही' म्हणून परत पाठवलं होतं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि कलमाचा उल्लेख केलेला लेखी अर्ज घेऊन समन्वयक स्वतः गेली, तेव्हा त्याच दिवशी खाट मिळाली. तुमच्या समन्वयकाला हे कागद, अर्जाचा नमुना आणि धर्मादाय सहआयुक्त कार्यालयाचा पत्ता पाठ असायला हवा.

लोकांकडून काही घ्यावं का, हेही तुम्ही विचारलंत. घ्यावं, पण दवाखान्याच्या दारात फी म्हणून नको. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने परिसरातल्या खेड्यांत ज्वारीवर चालणारा आरोग्य विमा उभा केला होता. सुगीत प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि उपचार मात्र गरजेप्रमाणे. आज आपल्याकडे ज्वारीचा पेरा घटलाय, कापूस-सोयाबीनच दिसतं, तेव्हा ती पद्धत जशीच्या तशी जमणार नाही. पण सुगीनंतर घरटी काहीतरी जमा करून तो निधी गावातल्या बायकांच्या बचत गटाकडे ठेवला, आणि रात्रीच्या गाडीचे पैसे त्यातून गेले, तर गाव हिशेब विचारू लागतं. गावाने हिशेब विचारलेला मला हवाच असतो.

मोजणार काय, हे पहिल्या दिवशी ठरवा. 'इतके लाभार्थी' हा आकडा सोडून द्या. पुढे पाठवलेल्यांपैकी किती प्रत्यक्ष पोचले, पोचलेल्यांपैकी किती उपचार पूर्ण करून आले, रक्तदाबाच्या किती रुग्णांची गोळी सहा महिन्यांनंतरही चालू आहे, 'एसएस' मुलांचे शाळेचे किती दिवस बुडाले, एवढं एका वहीत बसतं. आणि आजारी मुलांचे फोटो अहवालात नकोत. त्या मुलीचं लग्न त्याच पंचक्रोशीत व्हायचंय.

थोडक्यात, एक केंद्र, आठ गावं, गावातल्याच बायका, त्यांच्यामागे एक चांगली समन्वयक आणि वाटखर्चाचा निधी. किमान पाच वर्षं, आणि हे बायकांना नेमणूकपत्रात लिहून द्या. पाच वर्षांनी थांबायचं असेल तर एक वर्ष आधी सांगा, म्हणजे रुग्णांच्या फाइली आरोग्य केंद्राकडे नीट सोपवता येतील. मध्येच बंद पडलेल्या प्रकल्पाने लोकांचा विश्वास जातो तो पुढच्या संस्थेलाही मिळत नाही.

राहिला परदेशातल्या भावाचा प्रश्न. त्याचं नागरिकत्व अजून भारतीय असेल आणि तो आपल्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी ती परकीय देणगी ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. तीन वर्षांचं काम दाखवल्याशिवाय ती नोंदणी सहसा मिळत नाही. पैसे खात्यात येण्याआधी सनदी लेखापालांकडून हे लेखी घ्या.

तुमचं गाव कोणत्या आरोग्य केंद्राखाली येतं, आसपास किती पोडं आहेत आणि मागच्या दोन शिबिरांच्या नोंदी सापडतात का, एवढं कळवा. नोंदी असतील तर नवं काही सुरू करण्याआधी त्याच यादीतल्या माणसांच्या घरी जाऊ. कोणाला कुठे पाठवलं होतं आणि कोण कुठे अडलं, ते विचारून मी तुम्हाला गावनिहाय आराखडा करून देते. सप्टेंबर-ऑक्टोबर फवारणीचे आणि त्यानंतरचे वेचणीचे दिवस सोडून आलात तर लोक घरी भेटतील.